पित्ताशयाचा कॅन्सर : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : आम्ही बरीच वर्षं बनारसला राहतोय. इथे ओळखीपाळखीत गॉल ब्लॅडरचा कॅन्सर सारखा ऐकू येतो, माहेरी साताऱ्याला मात्र कधी कानावर आला नव्हता. हा माझा भास आहे का? – एक वाचक, वाराणसी

उत्तर : भास नाही ताई, फरक खराच आहे. यूपी, बिहार, बंगाल आणि तिकडे आसामपर्यंतच्या पट्ट्यात हा कॅन्सर दक्षिण भारतापेक्षा कितीतरी जास्त दिसतो आणि बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त. जगात असे पट्टे मोजकेच, चिली, बोलिव्हिया, पेरू वगैरे, आणि चिलीतल्या मापुचे समाजाच्या बायकांमध्ये तर प्रमाण खूपच आहे. सगळीकडे समान धागा म्हणजे पित्ताचे खडे. खडा वर्षानुवर्षं आत पडून राहतो, अस्तराला सूज येत राहते आणि कधीकधी त्यातूनच पुढे कॅन्सर होतो. टायफॉइडचे जंतू पित्ताशयात मुक्काम करतात, मोहरीच्या तेलातली भेसळ, पाण्यातलं आर्सेनिक, यांच्यावरही संशय आहे. शिवाय मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या टीमने 2017 मध्ये दाखवलं की पित्तात चरबी सोडणाऱ्या काही जनुकांमधल्या बदलांमुळे आपल्याकडे धोका वाढतो. म्हणजे एकच एक कारण नाही.

प्रश्न : हा म्हातारपणीचाच आजार का? जगात किती जणांना होतो? – एक वाचक, पुणे

उत्तर : 2022 मध्ये जगात नुसत्या पित्ताशयाच्या कॅन्सरचे सुमारे 1 लाख 22 हजार नवे पेशंट सापडले आणि जवळपास 89 हजार लोक गेले. पित्तनलिकांचे कॅन्सर धरून 2019 चा अंदाज जवळजवळ 2 लाख पेशंट आणि 1 लाख 72 हजार मृत्यू असा होता. पेशंटचा आणि मृत्यूंचा आकडा एकमेकांच्या इतके जवळ आहेत हेच मला सगळ्यात जास्त खुपतं, कारण याचा अर्थ बहुतेक लोक उशिरा पोचतात. खड्याला कॅन्सरपर्यंत जायला दशकं लागतात, म्हणून पेशंट बहुतेक साठीच्या पुढचे, आणि जगात म्हातारी माणसं वाढली की पेशंटही वाढणारच. थायलंडच्या ईशान्य भागात, खोन केनच्या बाजूला, गोष्ट वेगळी आहे, तिथे कोई प्ला नावाचा कच्च्या माशांचा पदार्थ खातात, त्यातून एक चपटा कृमी पित्तनलिकेत जाऊन बसतो आणि त्या नळीचा कॅन्सर होतो.

प्रश्न : वडील 74 वर्षांचे. पंधरा दिवसांपासून डोळे पिवळे, अंगाला खाज, दुखत काहीच नाही. गावात कावीळ उतरवून आणली, माळ घातली, पथ्य चालू आहे. अजून किती दिवस वाट बघावी? – एक वाचक, बीड

उत्तर : एकही दिवस नाही. कृपा करून हे वाचून झालं की उद्या सकाळी उपाशीपोटी त्यांना सोनोग्राफीला घेऊन जा, सोबत लिव्हरच्या रक्ताच्या टेस्ट करा. ताप आला किंवा थंडी वाजली तर सकाळचीही वाट न बघता थेट मोठं हॉस्पिटल. म्हातारपणी न दुखता आलेली कावीळ, खाज, लघवी गडद आणि शौचाला पांढरट मातीसारखं होणं म्हणजे पित्ताची वाट कुठेतरी अडलीय. तो खडा असू शकतो, कॅन्सरच असेल असं नाही, पण माळ घालून अडथळा सुटत नाही. माळेचा राग नाही मला, वाया गेलेल्या दिवसांचा आहे. पुढे सीटी स्कॅन किंवा एमआरसीपी (पित्ताच्या नळ्यांचा एमआरआय) लागेल, गरज पडली तर ईआरसीपी करून, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, पित्ताच्या नळीत स्टेंट (वाट उघडी ठेवणारी बारीक नळी) टाकतात, कावीळ उतरते आणि खाज कमी होते. कॅन्सर निघाला तरी नुसत्या वयावरून कुणी "आता काही करू नका" म्हणालं तर दुसरं मत घ्या, माणूस हिंडताफिरता आहे का, हार्ट-किडनी कशी आहे हे बघून ऑपरेशनचं ठरतं. ऑपरेशन जमत नसेल तर केमो आहे, आणि अलीकडे त्यासोबत इम्युनोथेरपीही (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) देतात, पण ती महाग आहे, म्हणून सुरू करण्याआधी फायदा किती आणि खर्च किती हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

प्रश्न : आईला खडा आहे, त्रास काहीच नाही. कॅन्सरच्या भीतीने काढून टाकावा का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : सरसकट नाही, खडे असलेल्या बहुतेकांना कॅन्सर कधीच होत नाही. पण खडा 3 सेंटिमीटरपेक्षा मोठा, पित्ताशयाच्या भिंतीत कॅल्शियम साठलेलं, किंवा 1 सेंटिमीटरच्या वरचा पॉलिप (आतल्या अस्तरावरची वाढ) असेल तर सर्जनला भेटाच. चिलीत प्रमाणच एवढं आहे की 2006 पासून 35 ते 49 वयाच्या खडेवाल्यांचं पित्ताशय काढायचं ऑपरेशन सरकारी हमीत करतात, तो नियम नाशिकला जसाच्या तसा लागू नाही. आणि पित्ताशय काढलंच तर ते तपासायला लॅबमध्ये पाठवलं का, हे आवर्जून विचारा, कधीकधी कॅन्सर त्या रिपोर्टमध्येच पहिल्यांदा कळतो. अगदी वरच्या थरात असेल तर काढलं तेवढं पुरतं, खोल गेला असेल तर लिव्हरचा थोडा भाग आणि आजूबाजूच्या लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) काढायचं दुसरं ऑपरेशन लागू शकतं, तेव्हा टाके काढायला जाल त्या दिवशी तो रिपोर्ट मागून घ्या.