लोहखनिजातला फॉस्फरस काढायचाय? आधी तो बसलाय कुठे ते बघ

लोहखनिजातून फॉस्फरस काढायला सोडियम कार्बोनेट किती टाकायचं, असं विचारलंस ना? अरे थांब, ते नंतर. आधी खनिज मायक्रोस्कोपखाली बघ. फॉस्फरस ॲपेटाइटच्या (फॉस्फरसचं खनिज) सुट्या कणांत असेल तर बारीक दळून फ्लोटेशनने (हवेच्या बुडबुड्यांना चिकटवून कण वेगळे करणं) बराचसा निघतो, पण गोएथाइटमध्येच (लोखंडाचंच एक खनिज) मुरलेला असेल तर कितीही दळ, सुटत नाही, तिथे अल्कली (म्हणजे ते सोडियम कार्बोनेट वगैरे) घालून भाजायचं आणि मग लीचिंग (पाण्यात किंवा ॲसिडमध्ये फॉस्फरस विरघळवून काढणं) करायचं, हा रस्ता जास्त भरवशाचा.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:
- ॲसिड ओतून फक्त फॉस्फरस मोजतात. लोखंड किती विरघळलं तेपण मोज, द्राव पिवळा दिसला की सावध हो.
- कोळसा घालून भाजताना टेंपरेचर फार चढवतात, मग फॉस्फरस थेट तयार होणाऱ्या लोखंडात शिरतो, चुंबकाने वेगळा करताच येत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदल, आणि लीचिंगनंतरचा केक (गाळून उरलेला घट्ट गाळ) नीट धू, सोडियम राहिलं तर पुढे भट्टीला त्रास. जमेल तुला, बिनधास्त सुरू कर.