घेतलेच नाही, ते कर्ज नावावर कसे?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील निवृत्त शिक्षक आहे. मुलाच्या गृहकर्जात सहकर्जदार म्हणून नाव द्यायला बँकेत गेलो, तेव्हा एका अ‍ॅपवरून माझ्या नावे घेतलेले १८,००० रुपयांचे कर्ज थकीत असल्याचे समजले. मी ते अ‍ॅप कधी पाहिलेले नाही, कोणाला ओटीपीही दिलेला नाही. वसुलीवाले ४,००० रुपयांत तडजोड करा म्हणतात. भरून मोकळे व्हावे का?

उत्तर : एक रुपयाही भरू नका. थोडक्यात ब्याद टळते आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आपण काहीही भरले, की कर्ज आपलेच होते असे म्हणायला संस्थेला आधार मिळतो, आणि तडजोडीने मिटवलेले खाते क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे आपल्या कर्जांच्या नोंदींच्या अहवालात, ‘सेटल्ड’ म्हणून राहिल्याने पुढची बँक त्याकडे संशयानेच पाहते.

अशा फसवणुकीत आपल्या ओटीपीची गरज पडतेच असे नाही. पॅन आणि आधारची झेरॉक्स हाती लागली, की अर्जात भलताच मोबाइल क्रमांक आणि भलतेच बँक खाते देता येते, आणि पडताळणीत ढिलाई झाली की कर्ज मंजूरही होते. ही चूक पडताळणी न करणाऱ्यांची आहे, आपली नव्हे; तेव्हा पत्रव्यवहार करताना विनवणीचा सूर नको.

प्रथम स्वतःचा संपूर्ण क्रेडिट रिपोर्ट काढा. भारतात सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या तो ठेवतात, आणि प्रत्येकीने वर्षातून एकदा तो विनामूल्य द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नुसता गुणांक पाहून थांबू नका. वैयक्तिक माहितीच्या भागात आपला नसलेला फोन क्रमांक किंवा पत्ता दिसतो का ते पाहा, कारण चोराचा माग अनेकदा तेथेच सापडतो. त्यानंतर ‘एन्क्वायरी’च्या भागात आणखी कोणत्या संस्थांनी आपल्या नावाची चौकशी केली ते तपासा, म्हणजे दुसरे कर्ज शिजत असेल तर आधीच कळेल.

मग कर्ज देणारी संस्था आणि क्रेडिट रिपोर्ट ठेवणारी कंपनी या दोघांकडेही लेखी तक्रार करा. ‘मला आठवत नाही’ असे मोघम लिहू नका. ‘हे कर्ज मी घेतलेले नाही’ असे स्वच्छ लिहा आणि मूळ अर्ज, केवायसीचा फोटो, वापरलेला मोबाइल क्रमांक आणि रक्कम कोणत्या खात्यात जमा झाली याचा तपशील मागा. बहुतेक वेळा या शेवटच्या मागणीपाशीच संस्थेचा सूर बदलतो. ३० दिवसांत तक्रारीचा निकाल लागला नाही, तर पुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाईची तरतूद आहे, आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही दाद मागता येते.

पोलीस तक्रार टाळू नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात ती देता येते. खात्यातून पैसे गेले असतील, तर मात्र १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी अन्वये दुसऱ्याची ओळख फसवणुकीने वापरणे हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. तक्रारीची पोच बँकेला दाखवा. आपल्या नावावर परके सिमकार्ड चालू आहे का, हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर पाहता येते.

प्रश्न : लॉजवर आधारची झेरॉक्स मागतात. न देता कसे चालेल?

उत्तर : वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र पुढे करावे. आधारच द्यायचे असेल, तर आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या (यूआयडीएआय) संकेतस्थळावरून ‘मास्क्ड’ आधार उतरवून घ्यावे. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात. २०२२ च्या मे महिन्यात झेरॉक्स देण्याविरुद्धची प्राधिकरणाची एक सूचना निघाली आणि दोनच दिवसांत मागे घेतली गेली, त्यामुळे लोकांच्या मनात गोंधळ राहिला. माझे मत असे, की सूचनेतील सावधगिरी योग्यच होती. प्रतीवर मजकुरावरूनच आडवे ‘केवळ अमुक लॉजमधील मुक्कामासाठी’ असे लिहून तारीख आणि सही करावी. आणि दुकानात प्रिंटसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवली असेल, तर ती त्यांच्या संगणकावरून समोर उभे राहून पुसून घ्यावी. ‘डाउनलोड्स’मध्येही तिची प्रत उरलेली असते.