वेगवेगळ्या संस्कृतींतील शोकांत प्रेमकथांमध्ये साम्य आढळते का?

होय, आढळते. मला सर्वांत जवळच्या वाटतात त्या पंजाबातील सोहनी-महिवाल आणि ग्रीकांची हीरो-लिअँडर या कथा, कारण दोन्हींत रात्री पोहून ओलांडायचे पाणीच शेवटी प्रेमिकांचा घास घेते.

चिनाब नदीकाठच्या, आजच्या पाकिस्तानातील गुजरात या गावातील कुंभाराची मुलगी सोहनी, दुसऱ्याशी लग्न लावून दिल्यानंतरही, भाजलेल्या घड्याच्या आधाराने रोज रात्री पैलतीरावरील महिवालाकडे जात असे. नणंदेने एके दिवशी गुपचूप तो घडा उचलून त्या जागी कच्चा घडा ठेवला आणि भर पाण्यात त्याची माती सोहनीच्या हातातच विरघळू लागली. बापाच्या चाकाशेजारी वाढलेल्या मुलीच्या बोटांना कच्ची माती ओळखू आली नसेल, हे मला पटत नाही, आणि म्हणूनच ही कथा मला अधिक हेलावते.

लिअँडर मात्र आजच्या तुर्कस्तानातील दार्दानेल्सची सामुद्रधुनी त्याची प्रेयसी हीरो हिने मनोऱ्यात लावलेल्या दिव्याच्या रोखाने पार करीत असे. वादळात दिवा विझला, तो बुडाला आणि त्याचे शव पाहून हीरोने मनोऱ्यावरून उडी घेतली. पुढे १८१० मध्ये कवी बायरन याने हीच सामुद्रधुनी पोहून ओलांडली.