बाहेरच्या बाकावरचे सर

जून लागला की समुपदेशनासाठी माझ्याकडे सीएचबीवाले येऊ लागतात. सीएचबी म्हणजे क्लॉक अवर बेसिस. सरकारी कागदावर 'तासिका तत्त्वावरील सहायक प्राध्यापक'. कुणी झोप येत नाही म्हणून येतं, कुणाला बायकोने दामटून पाठवलेलं असतं, एकांना तर पित्त काही केल्या हटेना म्हणून त्यांच्या डॉक्टरांनीच माझ्याकडे धाडलं. सुरुवात कुठूनही होवो, तिसऱ्या-चौथ्या भेटीत गाडी एकाच वाक्यावर येते. "मॅडम, माझ्यातच काही कमी आहे का?"

यंदा ते सहाव्यांदा ऐकलं आणि म्हटलं, आता एका सरांची गोष्ट लिहूनच काढावी. त्यांची परवानगी घेतली आहे. गाव आणि ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.

सर अर्थशास्त्राचे. वय एक्केचाळीस, सेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) पास, पीएचडी. तालुक्याच्या एका अनुदानित कॉलेजात अकरावं वर्ष. अकरा वर्षांत अकरा वेळा जाहिरात, अकरा वेळा मुलाखत, तेच केबिन. ऑर्डर मार्च-एप्रिलपर्यंतची, पुढचे दोन-तीन महिने कोरडे. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सासरे पाहुण्यांना सांगतात, "जावई प्रोफेसर आहेत," आणि आवाज खाली आणून, "पण घर आमच्या पोरीवर चालतं."

पहिल्या दोन भेटी 'सगळं ठीक आहे' यातच गेल्या. शिकलेल्या माणसांचं हे असतंच. रडण्याआधी प्रस्तावना लागते. तिसऱ्या भेटीत मी सरळ विचारलं, "सर, पडतात किती हातात?"

"तासाला ९०० रुपये. आठवड्याला ९ तास."

"म्हणजे महिन्याला?"

"तसं सांगता येत नाही, मॅडम. सुट्टी आली की तास गेला. बिल निघेल तेव्हा एकदम निघतं, चार-सहा महिन्यांनी."

मी कागद पुढे सरकवला. वर्गात फळ्यावर किमान वेतन समजावून सांगणारा हा माणूस, पण पेन कागदाला टेकवेना. मग हळूहळू मांडलं. सगळं सुरळीत गेलं तर वर्षाला ३० आठवडे, म्हणजे २ लाख ४३ हजार. बारा महिन्यांवर पसरले तर महिना २०,२५०. मी म्हटलं, आता दुसरा रकाना करा. या ९ तासांव्यतिरिक्त कॉलेजसाठी काय काय करता ते लिहा. नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता तपासणीच्या फायली. परीक्षेचं सुपरव्हिजन. एनएसएसचं शिबिर. बारावीचा निकाल लागला की गावोगाव फिरून अॅडमिशन गोळा करणं. संस्थाचालकांच्या वाढदिवसाच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन. (हे त्यांनी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.) शिकवण्याचे ९ तास धरून बेरीज आठवड्याला ३१ तासांवर गेली. तासाला ९०० चे २६१ झाले.

सर बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "अकरा वर्षांत हे गणित मी कधी मांडलंच नाही."

"का?"

"उत्तर येईल म्हणून."

मी मूळची अमेरिकन मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिसच्या पठडीतली. माणूस घटनेने खचत नाही, घटनेचा तो जो अर्थ लावतो त्याने खचतो, यावर माझा सगळा व्यवसाय उभा आहे आणि तो अजून डळमळलेला नाही. पण वीस वर्षांपूर्वीची मी असते तर सरांना लगेच अर्थ बदलायला लावला असता. 'परिस्थिती बदलता येत नाही, दृष्टिकोन बदला' असं काहीतरी ऐकवून घरी पाठवलं असतं. आज ते आठवलं की कान गरम होतात. 'माझ्यावर अन्याय होतोय' हा सरांचा विचार अविवेकी नव्हताच मुळी, तो हिशोब होता. यूजीसीचा २०१८ चा नियम सांगतो, कंत्राटी नेमणुका एकूण शिक्षकांच्या १० टक्क्यांपलीकडे नकोत. आपल्याकडे प्राध्यापक निवृत्त होतात, जागा वर्षानुवर्षं भरली जात नाही, आणि त्या रिकाम्या पदाचा वर्कलोड दोघा सीएचबींत वाटला जातो. २०२१ मध्ये राज्याने २०८८ पदांच्या भरतीला मंजुरी दिली, तेव्हा सरांनीही जिल्ह्याजिल्ह्यांत अर्ज टाकले. काही ठिकाणी मुलाखतीआधीच कानात आकडा सांगितला गेला. तो आकडा इथे लिहीत नाही. या क्षेत्रातल्या कुणाला तो सांगावा लागत नाही.

तर विचारातली चूक होती ती त्यापुढच्या अर्ध्या वाक्यात. 'अन्याय होतोय, म्हणजे मी त्याच लायकीचा.' हे 'म्हणजे' मला सोडवायचं होतं, आणि ते वाद घालून सुटत नव्हतं. मी एक मुद्दा मांडला की सर दोन खोडून काढायचे. वर्गात तरबेज झालेला माणूस!

पाचव्या भेटीत ते आले तेच पडलेल्या चेहऱ्याने. आदल्या दिवशी मुलाखत झाली होती.

"काल हद्द झाली, मॅडम. केबिनबाहेर बाक आहे. तिथं माझीच विद्यार्थिनी बसलेली, बीएला माझ्याकडे होती. आता सेट झालीय. त्याच जागेसाठी. मला बघून ती उठली. जमीन दुभंगावी असं वाटलं."

मी काही बोलणार होते, पण शब्द अडकला तो 'उठली' वर.

"उठली म्हणजे? निघून गेली?"

"नाही. बाकावर जागा नव्हती ना. मला बसायला म्हणून उठली."

"बरं. बाकावर आणखी कोण होतं?"

"तिघं-चौघं. बाहेरगावचे."

"त्यांच्यासाठी उठली होती का?"

सर गप्प झाले. पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. मी पाण्याचा ग्लासही पुढे केला नाही. अशा वेळी समुपदेशकाने हात बांधून बसावं, हे मला फार उशिरा कळलं. मिनिटभराने त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला, आणि स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मुलाखत घेणारे मला अकरा वर्षांत एकदाही 'या, बसा' म्हणाले नाहीत. तिनं जागा दिली."

"मग अकरा वर्षं तुम्ही तुमची किंमत कुणाला विचारत होता, सर?"

हा प्रश्न मला सुचला याचा आनंद मी लपवत नाही. पण गाठ सोडवली त्या पोरीने. त्या एका उठण्यात सरांना दिसलं की संस्थेचं वागणं हा संस्थेचा दाखला आहे, त्यावर आपलं नाव आपणच घालत बसलो होतो. त्या दिवशी ते रडले, प्रस्तावनेशिवाय.

अर्थात विद्यार्थ्यांच्या आदरावर हप्ता फिटत नाही. मन हलकं करून माणसाला त्याच जात्यात परत घालणं माझ्या मते समुपदेशनाचा गैरवापर आहे. म्हणून पुढच्या चार भेटी आम्ही कागदांवर घालवल्या, आणि तेच मी प्रत्येक सीएचबीला सांगते. ऑर्डर हातात आल्याशिवाय तास घेऊ नका; "येईल हो, सुरू तर करा" यावर अडकलेली माणसं मी बघितली आहेत. मस्टरवरच्या सहीचा महिन्याला एक फोटो काढा. वर्कलोडबाहेरचं काम तोंडी सांगितलं की त्याच दिवशी चार ओळींचं नम्र पत्र द्या, 'आपल्या सूचनेनुसार अमुक काम करत आहे', आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. भांडण नको, नोंद हवी. मूळ प्रमाणपत्रं कुणी 'ठेवून जा' म्हणालं तर झेरॉक्स द्या.

मी वकील नाही, पण दोन गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. शिक्षक हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यातला 'कामगार' नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात ठरवलं. त्यामुळे 'लेबर कोर्टात खेचतो' या आवेशात शक्ती घालवू नका. आपला रस्ता महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ मधून जातो. त्यात तक्रार निवारण समिती आहे, आणि कामावरून काढलं तर न्यायाधिकरणाकडे अपील. त्याला मुदत ३० दिवसांची. हे ३० दिवस बहुतेकांचे अंथरुणात तोंड लपवून जातात, म्हणून मुद्दाम लिहिते. आपल्या प्रकरणाला काय लागू पडतं ते वकिलाकडून किंवा प्राध्यापक संघटनेकडून पडताळून घ्या. आणि बायांनो, लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तात्पुरत्या, रोजंदारीच्या कर्मचाऱ्यालाही लागू आहे. 'तू पर्मनंट कुठे आहेस' हे उत्तर कुणी देऊ लागलं तर ते खोटं आहे.

शक्य तिथे एकट्याने जाऊ नका. सरांनी त्यांच्या कॉलेजातल्या सात जणांच्या सह्या जमवल्या, थकलेल्या बिलांसाठी. आठवा म्हणाला, "माझं नाव नको, माझं काम होणार आहे." त्याचा राग धरू नका, असं मी सरांना सांगितलं, ते त्यांना अजून जमलेलं नाही. पत्रावर शिक्का बसला. बिल दिवाळीनंतर निघालं, पत्रामुळे की नेहमीच्या चालीने, देव जाणे. सूत्रसंचालन मात्र सरांनी सोडलं. कॉलेज सोडू की टिकून राहू, या प्रश्नाला आम्ही तारीख लावली, दोन वर्षांनंतरची. तोवर संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवायचं, उघडपणे, पाटी लावून. आधी ते लपूनछपून शिकवत, प्रोफेसर माणसाला शोभत नाही म्हणून.

या जूनमध्ये त्यांचा फोन आला. मागे कॉलेजची घंटा वाजत होती.

"मुलाखतीला आलोय, मॅडम. बाकावरच आहे. शेजारी माझे दोन विद्यार्थी."

"मग?"

"काही नाही, जरा सरकून बसलो. ऑर्डर कशी मागायची ते सांगतोय त्यांना. ठेवू का? नाव पुकारलं."