स्वच्छ ऊर्जा खरंच स्वच्छ असते का? तिचे फायदे जास्त की तोटे?

तुम्ही विचारलंय की सौर पॅनेल बनवतानाही प्रदूषण होतं, पवनचक्क्यांच्या पात्यांना आपटून पक्षी मरतात, धरणांखाली गावं जातात, बॅटऱ्यांच्या धातूंसाठी खाणी खणाव्या लागतात, अणुभट्टीचा तर विचारच नको. मग या सगळ्याला 'स्वच्छ' म्हणायचं कशासाठी, आणि कोळसा सोडून तिकडे वळण्यात खरंच काही फायदा आहे का?

फायदा आहे, आणि तो मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते. पण तुम्ही मांडलेले तोटे खोटे नाहीत. उलट सगळ्यात मोठा तोटा तुमच्या यादीत आलेलाच नाही. मी बरीच वर्षं ग्रीडच्या, म्हणजे वीजकेंद्रं आणि घरं जोडणाऱ्या वाहिन्यांच्या जाळ्याच्या, नियंत्रण कक्षात शिफ्टमध्ये काम करते, त्यामुळे तो मला रोज संध्याकाळी समोर पडद्यावर दिसतो. त्याकडे येतेच. आधी तुमच्या मुद्द्यांचा हिशेब.

एक युनिट वीज बनवताना किती कार्बन डायऑक्साइड (आणि त्याच्या तोलाने मोजलेले इतर उष्णता धरणारे वायू) हवेत जातो, हे मोजताना फक्त धुराडं बघत नाहीत. खाणकाम, कारखाना, वाहतूक, बांधकाम, शेवटी सगळं मोडीत काढणं, असं अथपासून इतिपर्यंत धरतात. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०१४ च्या अहवालात याचे मध्यवर्ती अंदाज आहेत. युनिटमागे कोळशाचे ८२० ग्रॅम, नैसर्गिक वायूचे ४९०, मोठ्या सौर प्रकल्पांचे ४८, जलविद्युतचे २४, अणुऊर्जेचे १२ आणि जमिनीवरच्या पवनचक्क्यांचे ११. म्हणजे पॅनेल बनवताना होणारं उत्सर्जन कुणी लपवलेलं नाही, ते त्या ४८ मध्येच आहे. पॅनेल बनवायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी ते साधारण एक ते तीन वर्षांत परत देतं आणि पुढे वीस-पंचवीस वर्षं चालत राहतं.

दुसरा हिशेब माणसांच्या जिवाचा. 'अवर वर्ल्ड इन डेटा' या आकडेवारीच्या संकेतस्थळाने अपघात आणि हवेचं प्रदूषण दोन्ही धरून एकत्र केलेले आकडे असे, की कोळशाच्या दर एक अब्ज युनिट विजेमागे सुमारे २५ माणसं जातात. पवन, सौर आणि अणू या तिघांचा आकडा प्रत्येकी ०.०५ च्याही आत आहे. पवनचक्कीवरून कामगार पडला तर बातमी होते, आणि ती व्हायलाच हवी. पण राखेच्या बारीक कणांनी फुप्फुसं निकामी होऊन जो माणूस दहा वर्षांनी जातो, त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर वीजकेंद्राचं नाव कधीच येत नाही. कोळशाचे तोटे सगळ्या जगाच्या हवेत पातळ होऊन पसरलेले असतात, म्हणून ते डोळ्यांना दिसत नाहीत. स्वच्छ ऊर्जेचे तोटे एका जागी, एका गावात, एका खाणीत गोळा झालेले असतात, म्हणून ते लगेच दिसतात. तुमची यादी वाचताना मला हेच पुन्हा पुन्हा जाणवलं.

आता संध्याकाळकडे येते, कारण खरं घोडं पेंड खातं ते इथे.

वीज पाण्यासारखी टाकीत भरून ठेवता येत नाही. ज्या क्षणी जेवढी लागते, त्या क्षणी तेवढीच बनवावी लागते. हा मेळ बसतोय की नाही हे ग्रीडची फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं, सांगते. आमच्या भिंतीवर ती मोठ्या आकड्यांत असते. ५०.०० दिसलं की सगळं ठीक, ४९.९० च्या खाली सरकू लागली की हात आपोआप फोनकडे जातो. एका दुपारी एका सौर प्रकल्पाचा आकडा ४८ मेगावॅटवरून खाली येऊ लागला. काही बिघाड नव्हता, मोठा ढग येत होता. पाच-सहा मिनिटांत आकडा १५ वर आला. ढग सरकला तसा परत चढला, तोवर शेजारच्या प्रकल्पाचा पडायला लागला होता. ढग एका प्रकल्पावरून दुसऱ्यावर चालत गेलेला मी पडद्यावर आकड्यांत पाहिला. मी जलविद्युत केंद्राला फोन लावला, त्यांनी वीज बनवणारा संच सुरू केला आणि काही मिनिटांत त्याने विजेचा भार उचललाही. कोळशाचा थंड पडलेला संच हेच करायला कित्येक तास घेतो.

ढग तरी अधूनमधून येतात. सूर्य रोज मावळतो, आणि नेमका दिवे लागायच्या वेळेला मावळतो. दुपारी सौर वीज इतकी येते की औष्णिक संच जेमतेम चालू राहतील एवढ्या भारावर आणून ठेवावे लागतात. मग दोन-तीन तासांत सौर वीज शून्यावर येते, मागणी चढते, आणि त्याच संचांना जीव तोडून वर यावं लागतं. सौर वीज वजा करून उरलेल्या मागणीचा आलेख काढला तर दुपारी पोट आणि संध्याकाळी उंच मान असं बदकासारखं चित्र दिसतं. कॅलिफोर्नियाच्या ग्रीडचालकांनी २०१३ मध्ये ते जगापुढे मांडलं, तेव्हापासून त्याला 'डक कर्व्ह' म्हणतात. १०० मेगावॅटचा सौर प्रकल्प म्हटलं की लोकांना वाटतं १०० मेगावॅट वीज मिळाली. वर्षभराची सरासरी काढली तर साधारण १५ ते २५ मेगावॅटच हातात येते. (पॅनेलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते, हेही अनेकांना ठाऊक नसतं. तापलं की त्याची वीज घटते, त्यामुळे थंड हवा आणि लख्ख ऊन असलेला दिवस सगळ्यात चांगला.)

पवनचक्कीचं गणित याहून कठोर आहे. वाऱ्याची ताकद त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते, म्हणजे वेग निम्मा झाला की ताकद आठव्या हिश्श्यावर येते. तिच्या बाजूने एवढं की वारा रात्रीही असतो, त्यामुळे सूर्य आणि वारा एकमेकांना बऱ्यापैकी सांभाळून घेतात. जर्मनीत मात्र हिवाळ्यात असे दिवस येतात की आभाळ भरलेलं आणि वारा पडलेला, तेही सलग. त्याला त्यांच्याकडे 'डुंकेलफ्लाउटे' असा स्वतंत्र शब्दच आहे.

म्हणून सगळा प्रश्न साठवणुकीवर येतो. दक्षिण ऑस्ट्रेलियात हॉर्न्सडेलला २०१७ मध्ये मोठी बॅटरी बसली. सुरुवातीला १०० मेगावॅटची, आणि साठवण १२९ मेगावॅट-तास. पूर्ण ताकदीने चालली तर सव्वा तासात संपेल. पण फ्रिक्वेन्सी सावरायला ती सेकंदाच्या आत धावते, आणि माझ्या कामात ही फार मोठी गोष्ट आहे. त्याहून जुना उपाय उदंचनाचा. वीज जास्त असेल तेव्हा पाणी वरच्या तळ्यात चढवायचं, कमी पडेल तेव्हा खाली सोडायचं. वेल्समधल्या डिनॉर्विगला १९८४ पासून डोंगर पोखरून हे चाललंय. घातलेल्या विजेतली साधारण तीन चतुर्थांश परत मिळते. हायड्रोजनबद्दल फार आशा दाखवली जाते, पण एक किलो हायड्रोजन पाण्यातून वेगळा करायला ५० ते ५५ युनिट लागतात, त्यात ऊर्जा उरते सुमारे ३३ युनिट, आणि त्याची परत वीज केली की मुळातल्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच हाती येते. पोलाद आणि खतं बनवायला तो जरूर वापरावा. रोज संध्याकाळी दिवे लावायला वापरणं ही उधळपट्टी आहे.

धरणांबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत, मला जास्त लिहायचंय. कारण ज्या जलविद्युतला मी अडीनडीला फोन लावते, तिच्याबद्दलच माझं मन सगळ्यात दुखावलेलं आहे. चीनमधल्या थ्री गॉर्जेस धरणाची क्षमता २२,५०० मेगावॅट आहे, आणि त्यासाठी सुमारे १३ लाख माणसांना घरं सोडावी लागली. १९७५ मध्ये चीनमध्येच बान्चिआओ धरण चक्रीवादळाच्या पावसात फुटलं. मृतांचा आकडा सुमारे २६ हजारांपासून दीड लाखाच्या पुढेपर्यंत सांगितला जातो. इटलीत १९६३ मध्ये वायोंत धरणाच्या जलाशयात डोंगराचा कडा कोसळला, लाट भिंतीवरून खाली गेली आणि सुमारे दोन हजार माणसं गेली. भिंत तशीच उभी राहिली.

आणि ब्राझीलमधलं बाल्बिना. ॲमेझॉनच्या सपाट प्रदेशात बांधलेलं हे धरण. २५० मेगावॅटसाठी सुमारे २,३६० चौरस किलोमीटर पाण्याखाली गेलं. बुडालेलं जंगल पाण्यात कुजत राहिलं, त्यातून मिथेन हा उष्णता धरणारा वायू येत राहिला. मोठ्या सौर प्रकल्पाला मेगावॅटमागे साधारण दोन हेक्टर जमीन लागते. त्या हिशेबाने एवढ्या जागेत एक लाख मेगावॅटहून जास्त पॅनेल मावले असते. सौर प्रकल्प फार जमीन खातात असं कुणी म्हटलं की मला बाल्बिना आठवतं. शिवाय पॅनेल छपरावर बसतात, धरण छपरावर बसत नाही. पाण्याखाली गेलेलं गाव मात्र कुठल्याच तंत्राने परत येत नाही, म्हणून जलविद्युतच्या युनिटमागे २४ ग्रॅम हा आकडा मला कधीच पुरेसा वाटत नाही.

पक्ष्यांचं बरंचसं जागेच्या निवडीवर आहे. कॅलिफोर्नियात आल्टामाँट पासला सोनेरी गरुडांच्या वावराच्या जागीच पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि गरुड मरत राहिले. नॉर्वेत स्मोला बेटावर तीनपैकी एक पातं काळं रंगवून पाहिलं, तर त्या पवनचक्क्यांपाशी पक्ष्यांचे मृत्यू जवळपास ७० टक्क्यांनी घटले. प्रयोग लहान होता, पण करून बघण्यासारखा आहे.

अणुऊर्जेबद्दल माझं मत बदललंय. चेर्नोबिलचा १९८६ चा आणि फुकुशिमाचा २०११ चा अणुअपघात विसरू नये. पण फुकुशिमात किरणोत्साराने दगावली त्याहून कितीतरी जास्त माणसं घाईघाईच्या स्थलांतराने दगावली, बहुतेक वृद्ध आणि आजारी. कचऱ्यासाठी फिनलंडने ओंकालोला चारशे मीटरहून खोल खडकात कायमची जागा खोदली आहे. माझी आता हरकत आहे ती वेळेची. त्याच फिनलंडमधल्या ओल्किलुओतोच्या तिसऱ्या अणुभट्टीचं बांधकाम २००५ मध्ये सुरू झालं आणि नियमित वीज आली २०२३ च्या एप्रिलमध्ये. पवनचक्क्या तेवढ्या काळात कितीदा उभ्या राहिल्या असत्या. मात्र चांगली चालणारी अणुभट्टी बंद करणं मला पटत नाही. जर्मनीने शेवटच्या तीन अणुभट्ट्या २०२३ च्या त्याच एप्रिलमध्ये बंद केल्या, आणि तपकिरी कोळसा जाळणं चालूच होतं.

खाणींचा तुमचा मुद्दा बरोबर आहे. अनेक बॅटऱ्यांत लागणारा कोबाल्ट हा धातू जगात बहुतांश काँगोतून येतो, आणि तिथल्या काही खाणींत लहान मुलंही राबतात. ते स्वच्छ नाही, कुठल्याही अर्थाने नाही. ग्रीडच्या बॅटऱ्या आता बऱ्याचशा लोह-फॉस्फेटच्या येतात, त्यांना कोबाल्ट लागत नाही, हा एक दिलासा. आणि एक फरक लक्षात घ्या. कोळसा जाळला की संपला, उद्या पुन्हा खणायचा. बॅटरीतलं लिथियम वीस वर्षांनी बॅटरीतच असतं, ते काढून पुन्हा वापरता येतं. अवलंबित्वाचंही तसंच. पॅनेलच्या कारखानदारीत चीनचा वाटा प्रत्येक टप्प्यावर ८० टक्क्यांहून जास्त आहे, ही काळजीचीच गोष्ट आहे. पण पॅनेलचा पुरवठा थांबला तर नवे प्रकल्प थांबतात, बसलेले चालू राहतात. इंधनाचा पुरवठा थांबला तर साठा संपताच चालू केंद्र बंद पडतं.

नैसर्गिक वायूला 'जास्त स्वच्छ' म्हणतात ते मला मान्य नाही. धुराड्याशी तो कोळशाच्या निम्मा आहे हे खरं. पण हा वायू म्हणजे मुख्यतः मिथेनच, आणि वाटेत गळणारा मिथेन वीस वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त उष्णता धरतो. गळती थोडी जरी वाढली तरी तो फायदा बघता बघता उडून जातो.

कोळसा सोडता येईल का, याचं उत्तर मी हल्ली आमच्या पडद्यावर शोधते. आमच्या ग्रीडला एक बॅटरी जोडली गेली आहे. दुपारभर तिच्या आकड्यापुढे वजाचं चिन्ह असतं, म्हणजे ती वीज घेत असते. साडेसहाच्या आसपास ते चिन्ह जातं आणि ती द्यायला लागते. पूर्वी या वेळेला मला दोन-तीन फोन करावे लागायचे, आता कित्येक संध्याकाळी एकही करावा लागत नाही. साडेआठला ती रिकामी होते. तिथून सकाळपर्यंत अजून कोळशाचेच संच चालतात.