कुलूप लावलं, पण किल्ली कुणाकडे?

सुदानमधल्या यादवीवर आणि तिथे वारंवार फसणाऱ्या शांतता-बोलण्यांवर मागे लिहिलं होतं. त्यावर सांगली-साताऱ्याकडून आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतो.

आमच्या तंटामुक्ती समितीने भावकीतले बांधाचे वाद मिटवले. एवढ्या मोठ्या संयुक्त राष्ट्रांना ते का जमू नये? (तासगाव)

तुमच्या समितीच्या पाठीमागे पोलीस ठाणं आणि दिवाणी कोर्ट असतं. लिहून दिल्यावरही एकाने पुन्हा बांध कोरला, तर दुसऱ्याला दाद मागायला जागा आहे. यादवीत सरकारच एक पक्ष असतो. बंडखोरांनी शस्त्रं टाकल्यावर सरकारने शब्द फिरवला, तर त्यांनी जायचं कुठे? त्यामुळे मंत्रिपदांचं जमतं, पण शस्त्रं आधी कुणी ठेवायची इथे गाडी अडते.

नेपाळने २००६ साली यावर काढलेला तोडगा मला आजही फार हुशारीचा वाटतो. माओवाद्यांची शस्त्रं छावण्यांमधल्या कंटेनरांत कुलूपबंद झाली आणि किल्ली माओवाद्यांकडेच राहिली. संयुक्त राष्ट्रांकडे होते कॅमेरे, भोंगा आणि नोंदवही. कुणी कुलूप उघडलं तर जगाला कळेल, एवढीच हमी. नेपाळी सैन्यानेही तितकीच शस्त्रं तशीच बंद केली. कुणालाच पूर्ण निःशस्त्र व्हावं लागलं नाही, म्हणून कुणी घाबरलं नाही. मुळात बोलणी नेपाळ्यांनी आपसात केली होती, बाहेरच्यांना पहाऱ्यापुरतं बोलावलं, हेही विसरू नका.

अंगोलात नेमकं उलटं झालं. १९९१ मध्ये पोर्तुगालच्या मध्यस्थीने सरकार आणि साविंबी यांच्या बंडखोरांत करार झाला, पण दोन्ही फौजा पुरत्या मोडीत निघण्याआधीच सप्टेंबर १९९२ मध्ये निवडणूक उरकली. साविंबी मागे पडले, निकाल नाकारला आणि फौज हाताशी होतीच. ते युद्ध २००२ मध्ये साविंबी मारले गेल्यावरच थांबलं.

मी १९८८ मध्ये श्रीलंकेत, जाफन्यात होतो. शांतता राखायला गेलो आणि लढाईतच पडलो. चुकलं कुठे? (माजी सैनिक, सातारा तालुका)

चूक जवानांची नव्हती, कागदाची होती. २९ जुलै १९८७ च्या करारावर राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्या सह्या आहेत. ज्यांच्याकडून शस्त्रं घ्यायची, त्या एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेची सही त्यावर नाही. तिचे प्रमुख प्रभाकरन यांना दिल्लीत आणून समजावलं गेलं, पण मान डोलावणं म्हणजे सही नव्हे. ऑक्टोबरमध्ये लढाई पेटली आणि मध्यस्थ म्हणून गेलेला भारत एक पक्ष होऊन बसला. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर हजारांहून अधिक जवान गेले होते.

नॉर्वेने पुढे श्रीलंकेत सैन्याशिवाय प्रयत्न केला. २००२ मध्ये युद्धबंदी झाली, देखरेखीला नॉर्डिक देशांची माणसं आली. २००६ मध्ये युरोपीय संघाने एलटीटीईला दहशतवादी ठरवताच तिने स्वीडन, फिनलंड आणि डेन्मार्कच्या निरीक्षकांना जायला सांगितलं. उरले नॉर्वे आणि आइसलँड. जानेवारी २००८ मध्ये सरकारनेच युद्धबंदी सोडली. म्हणजे सैन्य नेलं की फसतं आणि न नेलं की जमतं, असं सरळ गणित मांडता येत नाही.

खुनी माणसांना टेबलावर बसवून वर पदं द्यायची, हा कुठला न्याय? (वाळवा तालुका)

न्याय नाहीच, तो सौदा असतो. सिएरा लिओनमध्ये लोकांचे हातपाय तोडणाऱ्या बंडखोरांचा म्होरक्या फोडे सांकोह. जुलै १९९९ च्या लोमे करारात त्याला माफी मिळाली आणि वर देशाच्या खनिजांचा कारभार, उपराष्ट्राध्यक्षाच्या दर्जासह! संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीने सही करताना हाताने एक ओळ लिहिली: वंशसंहार आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांना ही माफी आम्ही लागू धरत नाही. त्या दिवशी तिची किंमत शून्य होती. पण २००० मध्ये सांकोहच्या माणसांनी पुन्हा उचल खाल्ली, तो पकडला गेला आणि पुढे विशेष न्यायालयाने त्याच्यावर आरोप ठेवले. २००३ मध्ये तो कोठडीतच मेला. टेबलावर बसवायला माझी हरकत नाही. खनिजांची चावी देणं मात्र शुद्ध मूर्खपणा होता.

आम्ही गलाईवाले, सोनं-चांदी गाळणारे. सुदानचं सोनं दुबईला जातं म्हणतात. ते अडवलं तर युद्ध थांबेल? (विटा)

लगेच थांबणार नाही, पण धाप नक्की लागेल. सैन्याचे प्रमुख बुरहान आणि आरएसएफ या निमलष्करी दलाचे प्रमुख हेमेदती एप्रिल २०२३ पासून लढताहेत आणि सोन्यावर दोघांचाही खर्च निघतो. आता मध्यस्थ पाहा. मे २०२३ मध्ये जेद्दाहला सौदी आणि अमेरिकेने बोलणी केली, युद्धबंद्या धडाधड मोडल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये जिनिव्हाला सैन्य फिरकलंच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिका, सौदी, इजिप्त आणि अमिरातीने तीन महिन्यांच्या विरामाचा प्रस्ताव मांडला. पुढच्याच महिन्यात आरएसएफने दारफूरमधलं अल फाशर शहर घेतलं. या चौघांत इजिप्त सैन्याच्या बाजूचा. अमिरातीवर आरएसएफला शस्त्रं पुरवल्याचा आरोप आहे, तो ती नाकारते. आणि सोन्याची वाट तिथूनच जाते.

हिऱ्यांसाठी २००३ पासून निदान किंबर्ले प्रमाणपत्राची, म्हणजे हिरा बंडखोरांच्या हातचा नाही असं लिहून देण्याची, पद्धत आहे. सोन्याला तसं काही बसवणं अवघड. एकदा मुशीत गेलं की कुठलं कुठे मिसळलं ते कळत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार!

सुदानमध्ये भारताने मध्यस्थी करावी का? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, कराड)

मला तरी नाही वाटत. २०२३ मध्ये ‘ऑपरेशन कावेरी’त आपण साडेतीन हजारांहून अधिक माणसं बाहेर काढली, शेजारच्या दक्षिण सुदानमध्ये आपले शांतिसैनिकही आहेत. पण या दोन्ही सेनापतींना अडवेल असं आपल्या हाती काही नाही. आपण अमिरातीकडून सोनं मात्र घेतो, आणि २०२२ च्या व्यापार करारात त्यावर शुल्क-सवलतही दिली आहे. त्या सोन्याचा उगम विचारायला मध्यस्थ असावं लागत नाही.