चॅटजीपीटी वापरल्याने विद्यापीठातील विद्यार्थ्यांची विचारशक्ती खरोखर कमी होते का?

सरसकट तसे म्हणता येत नाही. विद्यार्थी हे साधन कोणत्या टप्प्यावर हाती घेतो, यावर बरेच अवलंबून असते. अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबने जून 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बॉस्टन परिसरातील 54 जणांना निबंध लिहायला देऊन, लिहिताना त्यांच्या मेंदूतील विद्युतलहरी ईईजीद्वारे मोजण्यात आल्या. चॅटजीपीटी वापरणाऱ्या गटात मेंदूच्या विविध भागांतील समन्वय सर्वांत क्षीण आढळला आणि नुकत्याच लिहिलेल्या स्वतःच्याच निबंधातले एक वाक्यही त्यांतील बहुतेकांना अचूक सांगता येईना. मला आलेखांपेक्षा ही दुसरी गोष्ट अधिक बोलकी वाटते, कारण आपल्याकडच्या तोंडी परीक्षेतही प्रकल्प अहवाल चकचकीत असतो, पण ‘हीच पद्धत का निवडली?’ एवढे विचारले की विद्यार्थी गडबडतो. याउलट, आधी स्वतः लिहून मग अभ्यासाच्या शेवटच्या टप्प्यात चॅटजीपीटीकडे वळलेल्यांना आपले लेखन बऱ्यापैकी आठवत होते. म्हणून पहिला कच्चा मसुदा स्वतः लिहावा आणि त्यातील त्रुटी मात्र खुशाल विचाराव्यात. अर्थात, हा शेवटचा टप्पा अवघ्या 18 जणांनी पूर्ण केला होता आणि प्रसिद्धीच्या वेळी या शोधनिबंधाचे तज्ज्ञांकडून परीक्षण झालेले नव्हते. ‘मेंदू सडतो’ यांसारखे शब्द वापरू नयेत, अशी विनंती तर संशोधकांनीच केली होती. बातम्यांचे मथळे देणाऱ्यांनी ती फारशी मनावर घेतली नाही.